आकडा पाहून सेल रंगवणारा मॅक्रो: आधी नियम, मग रंग

सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतलं जॉबवर्क करणारं एखादं वर्कशॉप घ्या. लेथवरून उतरलेल्या शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने मोजायचा आणि एक्सेलच्या शीटमध्ये भरायचा, हे काम तिथे रोजचं. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं २५ मिलिमीटर, अधिक-उणे ०.०२ (चालणाऱ्या या फरकाला टॉलरन्स म्हणतात). म्हणजे २४.९८ पासून २५.०२ पर्यंतचा जॉब चालतो, त्याच्या बाहेरचा चालत नाही. शिफ्ट संपेपर्यंत आकड्यांच्या ओळीच्या ओळी होतात: २५.००, २४.९९, २५.०१, २५.०३, २४.९९. त्यातला २५.०३ पटकन नजरेत भरत नाही, दमलेल्या माणसाच्या तर नाहीच. तोच सेल आपोआप रंगला, तर शीट उघडल्या उघडल्या दिसतो.

हे आपोआप रंगवण्याचे एक्सेलमध्ये दोन मार्ग आहेत. एक, होम टॅबमधलं कंडिशनल फॉरमॅटिंग, म्हणजे अट लावून रंग देणारी तयार सोय. दुसरा, मॅक्रो, म्हणजे व्हीबीए भाषेत लिहिलेल्या सूचना. दोन्हींनी सेल रंगतो आणि बघणाऱ्याला फरक कळत नाही. पण आतून या दोन गोष्टी फार वेगळ्या आहेत आणि तो फरक समजला नाही, तर रंग खोटं बोलू लागतात.

कंडिशनल फॉरमॅटिंगचा रंग सेलमधल्या आकड्याला बांधलेला असतो. आकडा बदलला की रंग त्याच क्षणी बदलतो. मॅक्रोचा रंग मात्र पावतीवर मारलेल्या शिक्क्यासारखा असतो. मॅक्रो चालला त्या वेळी आकडा काय होता, एवढंच तो सांगतो. नंतर तुम्ही २५.०३ खोडून २५.०१ लिहिलंत, तरी मॅक्रो पुन्हा चालेपर्यंत रंग जुनाच राहणार. मॅक्रोने लावलेला रंग आणि तुम्ही बादलीच्या खुणेवर क्लिक करून हाताने भरलेला रंग, एक्सेलच्या लेखी एकच.

मग सगळेजण मॅक्रोच का शोधतात? याला थोडा इतिहास आहे. कंडिशनल फॉरमॅटिंग एक्सेल ९७ मध्ये आलं, पण एक्सेल २००३ पर्यंत एका सेलला जास्तीत जास्त तीनच अटी लावता यायच्या. चौथी अट, चौथा रंग हवा असेल तर मॅक्रो लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एक्सेल २००७ ने ती मर्यादा काढून टाकली. पण त्या काळातले मॅक्रो अजूनही हातोहात फिरत असतात आणि नवा माणूस समजतो की रंगासाठी मॅक्रो लागतोच. म्हणून माझं स्पष्ट मत सांगते: साध्या ‘यापेक्षा कमी, यापेक्षा जास्त’ अशा कामाला आधी कंडिशनल फॉरमॅटिंगच वापरा.

मॅक्रोची खरी गरज लागते ती काही ठरावीक ठिकाणी. एकच नियम महिन्याच्या तीस शीट्सना लावायचा आहे. रंगाबरोबर शेजारच्या कॉलममध्ये वेळही नोंदवायची आहे. किंवा रिपोर्ट ज्या दिवशी पाठवला त्या दिवशीचा निकाल तसाच गोठवून ठेवायचा आहे, पुढे कुणी मर्यादा बदलल्या तरी जुने रंग हलता कामा नयेत. आणखी एक अडचण शॉपफ्लोअरवर हमखास येते. कंडिशनल फॉरमॅटिंग लावलेल्या शीटमध्ये वर्षभर कॉपी-पेस्ट होत राहिलं, की नियमांचे तुकडे पडतात. एका नियमाचे वीस-तीस होतात, काही अर्ध्याच कॉलमला लागू असतात आणि शीट जड होते. अशा वेळी सगळं पुसून एकसारखं पुन्हा लावणारा मॅक्रो फार उपयोगी पडतो.

आता मुख्य काम. मॅक्रो लिहायला बसण्याआधी नियम मराठीत कागदावर लिहा. या पायरीवर लोक पाच मिनिटंही घालवत नाहीत आणि नेमकं इथेच सगळं ठरतं. आपल्या शाफ्टचंच घ्या. ‘टॉलरन्सबाहेर गेला की लाल’ एवढं पुरेल का? नाही पुरणार. शाफ्ट २५.०३ भरला तर त्याच्या अंगावर अजून मटेरियल शिल्लक आहे, पुन्हा मशीनवर चढवून तो मापात आणता येतो. तो रीवर्क. पण २४.९७ भरला तर मटेरियल गेलेलं आहे, तो स्क्रॅप. दोन्ही टॉलरन्सबाहेर, पण एकाला वाचवता येतं आणि एकाला नाही. म्हणून ओव्हरसाइजला नारंगी आणि अंडरसाइजला लाल असे दोन रंग हवेत. आणि हाच नियम बोअरच्या, म्हणजे भोकाच्या व्यासाच्या, कॉलमला लावलात तर सगळं उलटं होईल, कारण भोक लहान असेल तर मोठं करता येतं, मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. तिथे लाल आणि नारंगीची अदलाबदल करावी लागते. हे एक्सेलला कळणार नाही, हे मशीनवरच्या माणसाला कळतं. त्यामुळे नियम ठरवताना त्याला शेजारी बसवा.

सीमेवरच्या आकड्याचं काय, हेही आत्ताच ठरवा. बरोबर २५.०२ भरला तर पास, म्हणून अट ‘२५.०२ पेक्षा जास्त’ अशी लिहायची, ‘२५.०२ किंवा जास्त’ अशी नाही. एका बरोबरच्या चिन्हाने चांगला जॉब रीवर्कला जातो.

कागदावरचा नियम मग असा दिसेल:

निवडलेल्या भागातला प्रत्येक सेल घे.
सेल रिकामा असेल, तर रंग काढून टाक.
नाहीतर, त्यात आकडा नसेल, तर राखाडी.
नाहीतर, २४.९८ पेक्षा कमी असेल, तर लाल.
नाहीतर, २५.०२ पेक्षा जास्त असेल, तर नारंगी.
नाहीतर, हिरवा.
पुढचा सेल घे.

मॅक्रो म्हणजे हेच, फक्त व्हीबीएच्या शब्दांत. एक्सेलमध्ये ऑल्ट आणि एफ ११ एकत्र दाबा, एडिटर उघडतो. इन्सर्ट मेनूतून मॉड्यूल घ्या. कोड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचा असतो, मी इथे शब्दांचे उच्चार देते. पहिल्या ओळीत ‘सब’ आणि पुढे मॅक्रोचं नाव, शेवटच्या ओळीत ‘एंड सब’. या दोन ओळींच्या मधलं सगळं म्हणजे एक मॅक्रो. ‘प्रत्येक सेल घे’ याला ‘फॉर ईच’ आणि ‘पुढचा सेल घे’ याला ‘नेक्स्ट’. पहिल्या ‘असेल तर’ला ‘इफ’ आणि ‘देन’, प्रत्येक ‘नाहीतर, असेल तर’ला ‘एल्सइफ’, शेवटच्या ‘नाहीतर’ला नुसतं ‘एल्स’ आणि सगळं मिटवायला ‘एंड इफ’. सेलच्या आतल्या भागाला एक्सेल ‘इंटिरियर’ म्हणतं आणि त्याचा रंग म्हणजे ‘कलर’. सेल, टिंब, इंटिरियर, टिंब, कलर, बरोबर, आणि पुढे हवा तो रंग. एवढ्या ओळीने सेल रंगतो. लिहून झालं की एफ ५ ने मॅक्रो चालवा. काही गडबड वाटली तर एफ ८ दाबत एकेक ओळ चालवून बघा. नव्या माणसाने एफ ८ ची सवय लावूनच घ्यावी. कुठल्या सेलपाशी कोणती अट लागली, हे त्यात डोळ्यांसमोर दिसतं.

रंग सांगायचा तो तीन आकड्यांत: लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती, प्रत्येकी ० ते २५५. यालाच आरजीबी म्हणतात. प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या, म्हणून एकूण १,६७,७७,२१६ रंग होतात. एवढ्यांची गरज नाही, पण भडक रंग मात्र टाळा. गडद लालवर काळा आकडा वाचता येत नाही आणि आकडा वाचता येत नसेल तर सेल रंगवून उपयोग काय? एक्सेल स्वतः फिका लाल म्हणून २५५, १९९, २०६ वापरतं, फिका हिरवा म्हणून १९८, २३९, २०६ आणि फिका पिवळा म्हणून २५५, २३५, १५६. हे आकडे तसेच उचला, शीट दिवसभर डोळ्यांसमोर असलं तरी त्रास होत नाही. जुन्या कोडमध्ये ‘कलरइंडेक्स’ दिसेल, तो ५६ रंगांच्या जुन्या पेटीतला क्रमांक असतो: ३ म्हणजे लाल, ६ म्हणजे पिवळा. चालतो अजून, पण त्या पेटीतले रंग फाईलगणिक बदलता येतात, म्हणून नव्या कामाला आरजीबीच बरं.

वरच्या नियमातला क्रमही महत्त्वाचा आहे. ‘इफ’ आणि ‘एल्सइफ’च्या साखळीत पहिली खरी ठरलेली अट लागू होते आणि बाकीच्यांकडे एक्सेल ढुंकूनही पाहत नाही. समजा तुम्हाला धोक्याची सूचना म्हणून पिवळा रंग हवा आहे: २४.९८५ पेक्षा खाली आला की पिवळा, म्हणजे माप खालच्या मर्यादेकडे सरकतंय का ते बघता येईल. ही पिवळी अट तुम्ही लाल अटीच्या वर लिहिलीत, तर २४.९७ हा आकडा आधी तिथे पोचेल. तो २४.९८५ पेक्षा कमी आहेच, म्हणून पिवळा होईल आणि लालपर्यंत कधी जाणारच नाही. स्क्रॅपचा जॉब ‘जरा लक्ष ठेवा’ म्हणून पुढे जाईल. कडक अट नेहमी वर, सैल अट खाली. (अर्थात २४.९८५ वाचायला तेवढं बारीक मोजणारं मायक्रोमीटरही हवं. ०.०२ लीस्ट काउंटच्या, म्हणजे ०.०२ पेक्षा बारीक न वाचणाऱ्या, व्हर्नियरने हे माप घेत असाल, तर रंगांच्या आधी मोजण्याची सोय सुधारा.)

रिकाम्या सेलची अट मी सगळ्यात वर ठेवली, त्यालाही कारण आहे. व्हीबीए रिकामा सेल तुलना करताना शून्य धरतं. शून्य २४.९८ पेक्षा कमीच, म्हणून न भरलेले सगळे सेल लाल होतात. याचा घोळ कसा होतो हे कांद्याच्या भावाच्या शीटमध्ये जास्त चांगलं दिसतं. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, चांदवड असे कॉलम, खाली तारखा, सेलमध्ये क्विंटलचा सरासरी भाव आणि ठरवलेल्या भावाखाली गेलं की लाल. सुट्टीच्या दिवशी लिलाव बंद असतात, सेल रिकामा राहतो आणि मॅक्रो त्याला लाल करतो. महिन्याचं शीट लांबून बघणाऱ्याला वाटतं, ठरावीक दिवशी भाव पडतोय. भाव पडलेला नाही, त्या दिवशी लिलावच झालेला नाही. आणि ‘आकडा आहे का’ हे विचारणारं ‘इझन्युमेरिक’ इथे वाचवत नाही, कारण रिकाम्या सेललाही ते ‘हो, आकडा आहे’ असंच उत्तर देतं. म्हणून ‘इझएम्प्टी’ने वेगळं विचारावं लागतं.

राखाडी रंग कशासाठी? कुणीतरी आकड्याच्या जागी ‘एनजी’ (नॉट गुड) लिहितो, कुणी ‘२५.०१ मिमी’ असं एककासकट. त्यात आकडा आहे असं माणसाला वाटतं, एक्सेलला ती अक्षरं वाटतात. शीटमधल्या तुलनेत एक्सेल अक्षरांना कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं धरतं, त्यामुळे कंडिशनल फॉरमॅटिंगच्या ‘पेक्षा जास्त’ नियमात असे सेल गुपचूप रंगून जातात. मॅक्रो बहुधा ‘टाइप मिसमॅच’ म्हणत एरर १३ देऊन थांबतो. थांबलेला परवडला, निदान चूक कळते. राखाडी रंग दिला की कुठे एंट्री चुकली तेही दिसतं आणि मॅक्रोही थांबत नाही.

अजून एक बारीक गोष्ट. सेलमध्ये हाताने टाइप केलेला आकडा असेल तर प्रश्न नाही, पण सरासरीचा किंवा बेरीज-वजाबाकीचा आकडा असेल तर सीमेवर घोटाळा होऊ शकतो. संगणक दशांश आतमध्ये द्विमानात ठेवतो. त्यामुळे ०.१ आणि ०.२ ची व्हीबीएत बेरीज केली, तर ती ०.३ पेक्षा अगदी कणभर जास्त निघते. पडद्यावर २५.०२ दिसणारा आकडा आत २५.०२ च्या किंचित वर असू शकतो आणि मग पास जॉब नारंगी होतो. उपाय म्हणजे तुलनेआधी आकडा ठरावीक स्थळांपर्यंत राउंड करणं. त्यातही व्हीबीएचा ‘राउंड’ २.५ चे २ करतो आणि शीटमधला ‘राउंड’ ३, म्हणून शीटमधलाच मागवून वापरा. मला त्याहून सरळ वाटतो तो मार्ग म्हणजे मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, काम करणं. २५.०२ च्या ऐवजी २५०२०. पूर्णांकात हा प्रश्नच येत नाही.

इथपर्यंतचा मॅक्रो तुम्ही चालवलात तरच चालतो. आकडा भरून एंटर मारताक्षणी रंगावा असं वाटत असेल, तर ‘वर्कशीट चेंज’ ही घटना पकडावी लागते. हा कोड मॉड्यूलमध्ये लिहायचा नसतो. शीटच्या टॅबवर राइट क्लिक करून ‘व्ह्यू कोड’ घ्या आणि तिथे लिहा. चुकीच्या जागी लिहिलात तर एररही येत नाही, नुसतं काहीच होत नाही आणि माणूस तासभर शोधत बसतो. कुठला सेल बदलला हे एक्सेल ‘टार्गेट’ या नावाने सांगतं. बदल आपल्या कॉलममधला आहे का, हे ‘इंटरसेक्ट’ने तपासायचं, नाहीतर तारखेच्या आणि नावाच्या कॉलमलाही रंग लागतात. टार्गेट म्हणजे एकच सेल असं मात्र धरू नका. कुणी दहा आकडे एकदम पेस्ट केले तर टार्गेटमध्ये दहा सेल येतात, आणि सगळ्यांची किंमत एकदम विचारली की पुन्हा तोच एरर १३. म्हणून इथेही ‘फॉर ईच’ने एकेक सेल घ्यावा.

चेंजला एक गोष्ट दिसत नाही: फॉर्म्युलाने बदललेला आकडा. सरासरीच्या सेलला रंग हवा असेल आणि सरासरी फॉर्म्युलाने येत असेल, तर चेंज गप्प राहतो. तिथे ‘वर्कशीट कॅल्क्युलेट’ ही वेगळी घटना आहे. रंग बदलल्याने चेंज पुन्हा सुरू होत नाही, ती भीती नको. पण मॅक्रो सेलमध्ये काही लिहीत असेल, जसं शेजारी वेळ, तर त्या लिहिण्यानेच चेंज पुन्हा पेटतो. तेवढ्यापुरतं ‘एनेबलइव्हेंट्स’, म्हणजे अशा घटनांवर मॅक्रो चालू देणारं सेटिंग, बंद करायचं आणि न विसरता चालू करायचं.

आता मॅक्रोची किंमत. मॅक्रोने शीटमध्ये काही बदल केला की एक्सेल अनडूची यादी पुसून टाकतं. चेंजवर चालणारा मॅक्रो तर प्रत्येक एंट्रीला ती पुसतो. ऑपरेटरने चुकून भरलेल्या सेलवर आकडा मारला, कंट्रोल झेड दाबलं, काहीच परत आलं नाही. ही अडचण शीट हातात देण्याआधी त्याला सांगायलाच हवी. दुसरं, पूर्ण कॉलम निवडून मॅक्रो चालवू नका. एक्सेल २००७ पासून एका कॉलममध्ये १०,४८,५७६ सेल असतात आणि मॅक्रो इमानदारीने त्या सगळ्यांना भेटून येतो. अडकलाच तर एस्केप दाबून थांबवा.

फाईल ‘एक्सएलएसएम’ प्रकारातच सेव्ह करा, साध्या ‘एक्सएलएसएक्स’मध्ये मॅक्रो राहत नाही. आणि मालक जर शीट मोबाईलवर बघत असतील तर आधीच विचार करा. एक्सेलच्या मोबाईल ॲपमध्ये आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए चालत नाही. आधी लागलेले रंग दिसतील, पण तिथे बसून आकडा बदलला तर रंग जुनाच राहील. कंडिशनल फॉरमॅटिंग तिथेही काम करतं. गूगल शीट्स वापरत असाल तर मॅक्रोची भाषा वेगळी आहे, ॲप्स स्क्रिप्ट. त्यात ‘ऑनएडिट’ हे चेंजचं काम करतं आणि ‘सेटबॅकग्राउंड’ रंग लावतं. वर सांगितलेले नियम, क्रम आणि रिकामे सेल यांचा विचार मात्र तिथेही करावाच लागतो.

मेलने आलेली मॅक्रोची फाईल उघडली की लाल पट्टी येते आणि मॅक्रो बंद राहतात. मॅक्रोंच्या आडून व्हायरस पसरतात म्हणून इंटरनेटवरून आलेल्या फाईलींचे मॅक्रो आपणहून अडवायला मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये सुरुवात केली. फाईल आपल्याच माणसाकडून आली असल्याची खात्री असेल, तरच तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करा. अनोळखी फाईलला हे कधीही करू नका, मग आत कितीही उपयोगी शीट असो.

रंग लागले की पुढची मागणी ठरलेली असते: लाल सेल मोजून द्या. रंग मोजू नका. रंग बदलल्याने एक्सेल पुन्हा हिशेब करत नाही, त्यामुळे रंग मोजणारा फॉर्म्युला जुनाच आकडा दाखवत राहतो. आकड्यावरूनच मोजा, ‘काउंटइफ’ला २४.९८ पेक्षा कमी किती ते विचारा. त्याहून चांगलं म्हणजे मॅक्रोलाच शेजारच्या कॉलममध्ये ठीक, रीवर्क किंवा स्क्रॅप असा शब्द लिहायला लावा. काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर रंग दिसत नाहीत आणि काही माणसांना लाल-हिरव्यातला फरकच कळत नाही. शब्द सगळ्यांना कळतो आणि मोजताही येतो.

शीट शॉपफ्लोअरवर देण्याआधी एका कॉलममध्ये मुद्दाम अवघड आकडे भरून बघा: २४.९७९, २४.९८, २५.०२, २५.०२१, एक रिकामा सेल, एक ‘एनजी’, आणि मग दहा आकडे एकदम पेस्ट. त्यातला पहिला लाल, मधले दोन हिरवे किंवा तुम्ही पिवळा ठेवला असेल तर त्याप्रमाणे, चौथा नारंगी, रिकामा बिनरंगाचा आणि ‘एनजी’ राखाडी यायला हवा. एकही चुकला, तर कागदावरच्या नियमाकडे परत जा. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.